द्राक्षमळ्यातील पंगत

काही निमंत्रणे अशी असतात की, ती स्वीकारावी तरी पंचाईत आणि नाकारावी तरी पंचाईत. गेल्या माघात आमच्या वडील बंधूंचे नाशिकचे व्याही यांची साठीशांत होती. होमहवन, ब्राह्मणभोजन, आप्तेष्टांची पंगत हे सर्व यथासांग व्हावयाचे होतेच. परंतु निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी व्याह्यांनी स्वहस्ते एक ओळ जोडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या सर्व मंडळींनी गंगापूर धरणाजवळच्या एका वाइनरीत आमच्यासमवेत भोजनास यावे, टेबले राखून ठेवली आहेत, असा तिचा मजकूर होता.

वाइनरी म्हणजे द्राक्षांपासून मद्य करण्याचा कारखाना. त्याला लागून हल्ली भोजनगृह असते, राहण्याच्या खोल्या असतात, आणि पुण्यामुंबईची मंडळी सुटीच्या दिवशी तेथे जाऊन मळा पाहतात, मद्य चाखतात व जेवून परत येतात, एवढी माहिती आम्हांस ऐकून होती. परंतु आमच्या सदाशिव पेठेतील घरी, जेथे अद्याप रोज अकरा पाने मांडली जातात, तेथून सगळ्या कुटुंबाने उठून अशा ठिकाणी जेवावयास जाणे ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतही आली नव्हती.

पत्रिका वाचून होताच दादा म्हणाले, "काल साठीशांत आणि आज मद्यालयात भोजन! शांत कशाची केली म्हणायची मग?" दादांची सून, जिच्या वडिलांचे हे निमंत्रण, ती मान खाली घालून ताटे पुसत राहिली. पुतण्याने धीर करून सांगितले की तेथे शाकाहारी स्वयंपाकघर निराळे आहे, प्यावे अशी कोणावर सक्ती नाही, आणि शेवटी आपल्याही फडताळात द्राक्षासवाची बाटली आहेच की. त्याचे हे शेवटचे बोलणे ऐकताच काकू मटार सोलता सोलता उठल्या आणि टरफले टाकण्यासाठी मागील दारी गेल्या. टरफले अद्याप मूठभरही झाली नव्हती, हे आमच्या त्या वेळी लक्षात आले नाही.

काकू आमच्या घरातील सर्वांत वडील. वय ब्याऐंशी. आमचे काका १९७९ साली कावीळ होऊन गेले, तेव्हापासून या घराच्या चुलीचा आणि चालीरीतींचा कारभार त्यांच्याच हाती आहे. त्यांनी 'नाही' म्हटले असते तर प्रश्न तेथेच संपला असता, आणि दादा त्याचीच वाट पाहत होते. परंतु परत येऊन त्यांनी परात पुढे ओढली व म्हणाल्या, "व्याह्यांनी जेवायला बोलावलं आहे, प्यायला नाही. जायचं."

आमच्या शहरास असल्या प्रकरणांचा अनुभव जुना आहे. १८९० साली पंचहौद मिशनात व्याख्यानानिमित्त जमलेल्या पुढारी मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे त्या बैठकीस होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला, कोणी तोही लावला नाही. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली आणि त्या चहावरून ग्रामण्य उभे राहून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्या न्यायाधीशासही १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज त्या प्रकरणाची कथा सांगताना घरोघर हशा पिकतो, आणि सांगणारा बहुधा हातात चहाचा पेला धरूनच सांगत असतो.

परंतु पुतण्याने हा दाखला काढून दादांस निरुत्तर करण्याचा यत्न केला तेव्हा तो आम्हांस मान्य झाला नाही. पंचहौदात दोष मानला गेला तो चहा कोणाच्या हातचा व कोणाच्या घरी, यात. येथे प्रश्न पेल्यात काय आहे हा आहे. कचाची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांस पाजली गेली आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी ब्राह्मणास मद्य कायमचे वर्ज्य केले, ही आदिपर्वातील कथा खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरणा'त रंगभूमीवर आणली. जे टिळक चहाच्या ग्रामण्यात सापडले त्यांनीच १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधने चालविली व तरुण स्वयंसेवकांस गुत्त्यांच्या दारांत उभे केले. चहाचे सोवळे गेले म्हणून मद्याचेही गेले पाहिजे, हा युक्तिवाद दिसतो तितका सरळ नाही.

उलटपक्षी द्राक्षासवाचा पुतण्याने दिलेला दाखला मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवे मोजली आहेत. द्राक्षे, गूळ व धायटीची फुले घालून मडके झाकून ठेवले म्हणजे जी क्रिया होते तीच वाइनच्या पिंपात होते. आसवातही आपोआप निर्माण झालेले मद्य पाच ते दहा टक्क्यांपर्यंत असते, वाइनमध्ये बारा-तेरा टक्के. भेद आहे तो मुख्यत्वे मात्रेचा. आसव दोन चमचे, तितक्याच पाण्यात, जेवणानंतर. वाइन पेलाभर आणि जेवणासोबत. त्यानंतर आणखी एक पेला घ्यावा की न घ्यावा, हे सांगावयास तेथे वैद्य नसतो.

असो. ठरल्या दिवशी पहाटे दोन मोटारींतून आम्ही निघालो. राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगाव आले तेव्हा पुतण्याने मोटार जरा सावकाश घेतली आणि रस्त्याकडेच्या शिवाराकडे बोट केले. महाराष्ट्रातील द्राक्षमद्याच्या नव्या धंद्याचा आरंभ या गावापासून झाला. शामराव चौगुले यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात येथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने 'शातो इंडाज' हा कारखाना उभारला, आणि येथील फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशांत विकली गेली. नारायणगावच्या मातीतील द्राक्षांचे मद्य लंडनच्या मेजांवर जावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे कारखान्याने परदेशांतील वखारी विकत घेण्यापर्यंत पाय पसरले आणि कर्जाच्या बोज्याखाली २०१० च्या सुमारास तो मोडला. दादा एवढेच म्हणाले, "अंथरूण पाहिलं नाही." काकू खिडकीतून पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

नाशिकची कथा याच्या नंतरची. राजीव सामंत नावाचे अमेरिकेत शिकून आलेले गृहस्थ वडिलोपार्जित जमिनीवर आले, त्यांनी नाशिकास तोवर कोणी फारसे न लावलेले वाइनच्या द्राक्षांचे वेल लावले आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. कारखान्याचे नाव 'सुला'. ते त्यांच्या मातोश्रींच्या सुलभा या नावावरून ठेविलेले आहे. ही माहिती सुनेने प्रवासात सांगितली तेव्हा मोटारीत क्षणभर शांतता पसरली. आईचे नाव शाळेस देतात, धर्मशाळेस देतात, मंगल कार्यालयास तर हमखास देतात. मद्याच्या बाटलीवर आईचे नाव म्हणजे गौरव की आणखी काही, हे ठरविण्याचे काम आम्ही दादांवर सोपविले, व त्यांनी ते परत आमच्यावर. पुढे शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण काढून करांत सवलती दिल्या, विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने योजिली, आणि नाशिक-दिंडोरीच्या शिवारात एकामागून एक कारखाने उभे राहिले. आम्ही ज्यात जेवलो त्याचे नाव येथे देत नाही. जेवण चांगले होते. परंतु कौटुंबिक मासिकाच्या पानावर मद्याची जाहिरात व्हावी अशी आमची इच्छा नाही.

साठीशांत यथासांग पार पडली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही त्या माळावर पोहोचलो. एका बाजूस गंगापूर धरणाचे निळे पाणी, पलीकडे अंजनेरीकडच्या डोंगररांगा, आणि उतारावर तारांच्या आधाराने सरळ ओळींत चढविलेले वेल. खाण्याच्या द्राक्षांचा मळा डोक्यावर मांडव घालून केलेला असतो, हे आम्ही पाहिले होते. येथे मात्र वेलांच्या भिंती होत्या, आणि दोन भिंतींमधून बैलजोडी जाईल एवढी वाट.

कारखाना दाखविण्यासाठी जो तरुण आला तो दिंडोरी तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, कृषी पदवीधर. त्याने काकूंस पाहताच वाकून नमस्कार केला व "आजी, पायऱ्या आहेत, हात धरा" म्हणून स्वतःचा हात पुढे केला. त्या एका कृतीने दादांच्या कपाळावरील अर्ध्या आठ्या गेल्या.

त्याने एक घड तोडून आमच्या हाती दिला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र अशी की बोटे चिकट झाली. काकूंनी दोन मणी खाल्ले, बिया तळहातावर घेऊन पाहिल्या व म्हणाल्या, "याच्या मनुका होतील. बेदाणा नाही व्हायचा." तो मुलगा हसला आणि म्हणाला की आजींनी वाइनच्या द्राक्षाची अर्धी परीक्षा एका वाक्यात सांगितली; कारण रंग आणि तुरटपणा येतो तो याच सालीतून व बियांतून. मोठ्या, पातळ सालीच्या, बिनबियांच्या द्राक्षाची वाइन पाणचट होते. खाण्यास जे उत्तम ते पिण्यास उत्तम नव्हे.

मग त्याने वेलाचे वर्ष सांगितले. थंड देशांत वेल हिवाळ्यात आपोआप झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून त्यास माणसाने कात्रीने वळण लावावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिने पुढील फळाच्या काड्या तयार होतात. आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जिने फळ धरते. जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्सात ज्या महिन्यांत वेल बर्फाखाली असतो त्या महिन्यांत नाशिकात घड उतरतात. उष्ण प्रदेशात वाइन होणार नाही असे ज्यांनी म्हटले होते, त्यांस नाशिकच्या माघातील थंड रात्रींची कल्पना नसावी.

काकूंनी विचारले, "तुमची शेती आहे का रे?"

"आहे आजी. चार एकर. दोन एकर खायची द्राक्षं, दोन एकर यांच्यासाठी. यांचा भाव आधी ठरलेला असतो, कमी पण ठरलेला. खायच्या द्राक्षाचा भाव बाजार ठरवतो. एका वर्षी सोनं, एका वर्षी शेणखत."

"आणि गारा पडल्या तर?"

"गारांना दोन्ही सारखीच."

पुण्यातही मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथे आपण शिकावयास गेलो होतो, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. आम्ही पन्नास वर्षे पुण्यात राहून त्या संस्थेच्या दारावरून सोलापूरकडे कितीदा गेलो असू. आत काय चालते हे दिंडोरीच्या मुलाकडून कळावे, याची आम्हांस थोडी लाज वाटली.

कारखान्याच्या आत पोलादी टाक्यांच्या रांगा होत्या, आमच्या वाड्याच्या दिंडीपेक्षा उंच. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस निराळा काढतात आणि तो थंड टाकीत, बारा ते सोळा अंशांवर, सावकाश आंबू देतात. तांबड्या वाइनचा रस सालीसकट आंबवितात, तोही अधिक उबेत. वर साली तरंगून जाड थर होतो तो दिवसातून अनेकदा रसाने भिजवावा लागतो, नाही तर तो वाळून बिघडतो. आंबताना जो वायू सुटतो तो जड असतो आणि रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत दबा धरून बसतो. तेव्हा टाकीत डोके घालावयाचे नाही, हा येथील पहिला नियम. नंतर काही वाइन ओक नावाच्या लाकडाच्या पिंपांत, दोनशे पंचवीस लिटरांच्या, महिनोन्महिने ठेवतात. ही पिंपे फ्रान्सातून येतात. तळघरात ती ओळीने आडवी पडलेली होती आणि तेथे ओलसर लाकडाचा, थोडा आंबूस, थोडा व्हॅनिलासारखा वास भरून राहिला होता. काकू दारातच थांबल्या. आत आल्या नाहीत. आम्हांस वाटले, पायऱ्या उंच आहेत म्हणून.

बाहेर एका मोठ्या लाकडी टोपात काही पाहुण्यांची मुले पायांनी द्राक्षे तुडवीत होती आणि आईबाप छायाचित्रे घेत होते. काकूंनी पदर नाकाला लावला. "हे पितात?" त्या मुलाने घाईघाईने खुलासा केला की ते केवळ हौसेपुरते आहे, त्याची वाइन कोणी करीत नाही. आमच्या धाकट्या नातवाने लगेच पायांतील बूट काढले, ही गोष्ट निराळी.

नंतर चाखण्याचा कार्यक्रम. पाच लहान पेले, प्रत्येकात दोन घोट. आम्ही, दादा व काकू बाजूच्या बाकावर बसलो. व्याही, विहीणबाई, पुतण्या व सून मेजाशी उभे राहिले. पेला तिरपा धरून रंग पाहावा, फिरवून वास घ्यावा, मग घोट तोंडात घोळवावा, असा क्रम तो तरुण शिकवीत होता. काकूंनी त्याला मध्येच हाक मारली.

"बाळ, तू घेतोस का?"

"चाखतो, आजी, आणि थुंकतो. कामच ते. वडील माळकरी आहेत, दरवर्षी वारीला जातात. घरी बाटली नेत नाही."

"त्यांना ठाऊक आहे, तू इथं काय करतोस ते?"

"ठाऊक आहे. आमचीच द्राक्षं ना इथं."

काकू यावर बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. याच वेळी सुनेच्या ध्यानात आले की काकूंची नजर आता आपल्याकडे वळणार. तिने हातातला पेला पटकन पाण्याच्या तांब्यामागे सरकविला. पेला काचेचा, तांब्याही काचेचाच. लपले काहीच नाही. विहीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. दादांनी घसा खाकरला. अशा प्रसंगी आमच्यासारख्याने डोंगराकडे पाहावे. आम्ही तसेच केले.

काकू म्हणाल्या, "लपवू नकोस ग. पुढं ठेव. घ्यायचा असेल तर समोर घे, नसेल घ्यायचा तर टाकून दे. तांब्यामागं काही ठेवायचं नाही."

सुनेने पेला पुढे आणून ठेविला. त्यातील तिने मग घेतले की नाही हे आम्ही पाहिले नाही, आणि विचारलेही नाही.

भोजनगृहाचा सज्जा पाण्याकडे उघडा होता. वाढपी प्रत्येकापुढे काचेचे उंच पेले मांडीत आला; दादांनी आपला परत पाठविला, आमच्यापुढचा पाण्याने भरून घेतला. पदार्थांची यादी इटलीची होती. पातळ भाजलेली पोळी व तिच्यावर चीज, टोमॅटो आणि तुळशीच्या जातीची पाने. शेवयांचे चार प्रकार. मळ्यातील पालेभाजीची कोशिंबीर, तिच्यात अर्धी चिरलेली द्राक्षे व अक्रोड. ही कोशिंबीर आम्हांस फारच आवडली, आणि घरी आल्यावर दोनदा केली. दादा म्हणाले की पोळीवर इतके काही घालण्यापेक्षा निराळी भाजी दिली असती तर बरे. पण त्यांनी तीन तुकडे घेतले. काकूंसाठी यादीत काहीच नव्हते. विहीणबाई कानकोंड्या झाल्या, तोच तो दिंडोरीचा तरुण आत गेला आणि थोड्या वेळाने साध्या वाडग्यात दहीभात, वर मिरचीची फोडणी, असे स्वतः घेऊन आला. स्वयंपाकघरातील माणसे आपल्यासाठी करतात त्यातला होता तो. काकूंनी सबंध दुपारीत जे खाल्ले ते एवढेच. आणि मुलांसोबत एक पेला ताजा द्राक्षरस.

व्याह्यांनी एक पेला तांबडी वाइन मागविली. ते पाटबंधाऱ्यांचे काम केलेले मोकळे गृहस्थ. दादांस म्हणाले, "आम्ही रविवारी एक घेतो. दुसरा नाही. आमच्या सौभाग्यवती मोजतात." विहीणबाई म्हणाल्या, "मोजते तर. आणि तिसरा रविवार एकादशीला आला तर तोही नाही." सगळे हसले, दादाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय शासनाने केला, तेव्हा अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्यावर व्याह्यांचे व दादांचे बरेच बोलणे झाले. त्या वेळी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे पुष्कळांनी म्हटले होते. आम्हांस ते तेव्हाही पटले नाही आणि आताही पटत नाही. पेल्यातील मद्यार्काचा गुण द्राक्षातून आला की मोहातून, यावर यकृत विचार करीत नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्याकडे अद्याप कायम आहे आणि मद्य पिण्यास परवाना लागतो, हे त्या सज्ज्यावर बसलेल्या पन्नासांपैकी किती जणांस ठाऊक होते, कोण जाणे.

चार वाजता निघालो. काकू आमच्या मोटारीत होत्या. दादा पुढे, पुतण्या व सून पुढच्या गाडीत. आळेफाटा येईपर्यंत अंधारले. चहासाठी थांबलो तेव्हा काकू खाली उतरल्या नाहीत. पेला त्यांना मोटारीतच आणून दिला. तो दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "त्या तळघराला जो वास होता ना, तो आपल्या माजघराला होता. तुला आठवायचा नाही. तू लहान होतास."

आम्ही काही विचारले नाही. त्याच पुढे बोलत राहिल्या.

काका कावीळ होऊन गेले हे खरे; कावीळ कशाने झाली ते घरात कोणी कधी उच्चारले नाही. देवघराजवळच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असे. ती काकांची, पोटासाठी, असे आजोबांनाही सांगितलेले होते, आणि आजोबांनी ते मानले होते. तिच्यात आसव पहिल्या महिन्यातच संपले. त्यानंतर नऊ वर्षे त्या बाटलीत ब्रँडी होती. "चिठ्ठी तीच. वैद्यांच्या नावाची. दर आठ दिवसांनी ती रिकामी व्हायची आणि मी ती धुऊन उन्हात ठेवायची. चिठ्ठी भिजू नये म्हणून वरून फडकं गुंडाळून धुवायची."

एकदा भरत नाट्यमंदिरात 'एकच प्याला' पाहण्यास दोघे गेली होती. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, प्रथम रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मराठी घरांनी सिंधूसाठी किती अश्रू ढाळले याची गणती नाही. तिसऱ्या अंकात काका पान खाऊन येतो म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. काकू शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि एकट्या घरी आल्या. काका ओसरीवर बसले होते. "नाटक कसं संपलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चांगलं संपलं."

दादा पुढच्या बाजूस चहाचा रिकामा पेला धरून बसले होते. ते आमच्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना काही आठवत असलेच पाहिजे. ते म्हणाले, "काकू, तुम्ही बोलला का नाहीत कधी? आजोबांना, निदान बाबांना."

"काय बोलायचं? घरात मद्य आहे असं म्हटलं असतं तर घर बुडालं असतं. नाही म्हटलं म्हणून माणूस बुडाला. आणि मी कधी त्यांनाही विचारलं नाही रे, की बाटलीत काय आहे. एकदासुद्धा नाही. त्यांनी विचारायची वाट पाहिली असेल का, ते मला अजून कळलेलं नाही."

पुतण्याने पलीकडून हाक मारली, निघावयाचे का म्हणून. आम्ही निघालो. चाकणच्या अलीकडे वाहनांची मोठी कोंडी होती आणि घरी पोहोचावयास साडेदहा वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उघडले. दोन पेट्या द्राक्षे, व्याह्यांनी दिलेल्या. दिंडोरीच्या मुलाने आजींसाठी निराळी बांधून दिलेली मनुकांची पुडी. आणि पुतण्याच्या पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक बाटली. विकत घेताना तो काकूंस चुकवून गेला होता, पण आता ती पिशवी काकूंपुढेच उघडली गेली. दादांनी डोळे मोठे केले. कागद काकूंनीच काढला, चिठ्ठीवरचे नाव चष्मा लावून वाचले, आणि बाटली जेवणघरातील काचेच्या कपाटात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, चिठ्ठी बाहेरच्या अंगास येईल अशी ठेविली. त्यानंतर फडताळातील द्राक्षासवाची जुनी बाटली काढून तिच्यातील आसव मोरीत ओतले, आणि चिठ्ठी पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढली. नवे आसव आणावयाचे झाल्यास नव्या बाटलीत आणावे, असे त्यांनी सुनेस सांगितले.

द्राक्षे शेजारी वाटून झाली. उरलेल्यांचे काय करावे यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. दादा मुरंबा म्हणतात, सून कोशिंबीर म्हणते.